खोत, गिरणी आणि १९३७ ची निवडणूक

फेब्रुवारी १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई प्रांताच्या विधानसभेसाठी उभे होते. मतदारसंघ होता मुंबईचा ई आणि एफ वॉर्ड, म्हणजे भायखळा-परळचा गिरणगाव. याच परळच्या बीआयटी चाळीत त्यांनी कितीतरी वर्षे काढली होती आणि त्यांची कचेरीही दामोदर हॉलमध्ये होती. काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळू पालवणकर यांना दिले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे हे फिरकी गोलंदाज अस्पृश्य समाजातलेच होते. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

या लढतीचे किस्से अजून सांगितले जातात. बाबासाहेब कोणता कार्यक्रम घेऊन मतदारांपुढे गेले होते, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. माझ्या मते लक्षात ठेवावे ते तेच, कारण त्यातले जवळजवळ प्रत्येक कलम आधीच्या दहा वर्षांत कुठल्यातरी गावात, गिरणीत नाहीतर सभागृहात झगडून तयार झाले होते.

१९३५ च्या कायद्याने जमीन, मजूर हे विषयही प्रांतातल्या लोकनियुक्त मंत्र्यांकडे आले. मुंबईच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. पुणे कराराप्रमाणे त्यांतल्या १५ अस्पृश्यांसाठी राखीव होत्या. मताचा हक्क सगळ्यांना नव्हता. मालमत्ता किंवा शिक्षण असेल त्यालाच तो मिळे. पंधरा जणांच्या बळावर कायदा होत नाही, हा हिशेब उघड होता. ऑगस्ट १९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. हिंदू म्हणून मरणार नाही, या येवल्याच्या घोषणेला तेव्हा वर्षही झाले नव्हते आणि धर्मांतराची चर्चा पेटलेली होती. तरी पक्ष उभा राहिला तो कूळ, शेतमजूर आणि कामगार यांच्या प्रश्नांवर. महाडच्या सत्याग्रहापासून सोबत असलेले अनंतराव चित्रे आणि सुरबा टिपणीस, शिवाय शामराव परुळेकर, हे सवर्ण कार्यकर्तेही पक्षाच्या तिकिटावर निवडून आले.

जाहीरनाम्यातले सर्वांत जुने दुखणे खोतीचे. रत्नागिरी आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत असे. तो कुळांकडून वसूल करायचा आणि सरकारात ठरलेला सारा भरायचा. मधले सगळे त्याचे. खळ्यावर भाताची रास पडली की खोताचा माणूस हजर. वाटा दिल्यावरही सुटका नसे, कारण खोताच्या शेतावर वेठ राबावे लागे. नाही म्हटले तर जमीन हातची जायची. चिपळूणला एप्रिल १९२९ मध्ये भरलेल्या रत्नागिरी जिल्हा परिषदेत आंबेडकरांनी खोतीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. पुढे अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली ऑक्टोबर १९३३ पासून जमीन कसायचेच बंद केले. हा संप सहा वर्षे चालला. भातशेती ओस ठेवून, लाकूडफाटा विकून माणसांनी दिवस काढले. डिसेंबर १९३४ मध्ये आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला गेले होते. या कुळांत आगरी होते, कुणबी होते. खोतीचा प्रश्न एका जातीचा नाही हे कोकणात असे डोळ्यांपुढे दिसत होते, आणि पक्षाच्या नावात ‘मजूर’ येण्यामागे हा अनुभव आहे असे मला ठामपणे वाटते.

गिरणीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. कापड गिरण्यांत साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी चांगली मिळे, पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत. मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आपण हाती कसा घ्यायचा, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. त्यामुळे ही माणसे कमी मजुरीच्या रिंगखात्यातच, म्हणजे सूतकताईत, अडकून राहत. १९२८ चा सार्वत्रिक संप सुमारे सहा महिने चालला, तेव्हा आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली. पुढाऱ्यांनी ती घेतली तीही नाखुशीने. १९२९ च्या संपाला आंबेडकरांनी विरोधच केला. या कडवट अनुभवानंतरही त्यांनी १९३६ च्या कार्यक्रमात कामाच्या तासांवर मर्यादा, पुरेसे वेतन, पगारी रजा, नोकरीवरून काढण्यावर कायद्याचा अंकुश आणि गरज पडेल तिथे उद्योगांची सरकारी मालकी मागितली, ती सगळ्याच कामगारांसाठी.

जाहीरनाम्यात भू-तारण बँका, सहकारी संस्था, तांत्रिक शिक्षण, खेड्यांत घरे आणि वाचनालये हेही होते. बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला त्यांनी १९२८ मध्येच, नियुक्त सदस्य असताना, मुंबईच्या कायदे कौन्सिलात पाठिंबा दिला होता. महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयकही त्याच वर्षीचे. रात्री-अपरात्री सरकारी हुकमाला धावायचे आणि मोबदल्यात तुटपुंजी जमीन व बलुते, या रीतीतून लोकांना मोकळे होता यावे एवढीच त्यात मागणी होती. ते त्यांना मागे घ्यावे लागले.

निवडणुकीत पक्षाचे १७ पैकी बहुतेक उमेदवार निवडून आले. बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आल्यावर १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले: खोताला वाजवी भरपाई आणि कसणाऱ्याला सरकारशी थेट खातेदाराचे नाते. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले. विधेयक पुढे सरकले नाही. फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी संपावर बंधने घालणारे औद्योगिक कलहाचे विधेयक आले, तेव्हा ज्या कम्युनिस्टांशी दहा वर्षे खटके उडाले होते त्यांच्याच बरोबरीने ७ नोव्हेंबरचा एक दिवसाचा संप त्यांनी घडवला. तीन दिवसांनी संततिनियमनाचा ठराव पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मांडला. सभागृहाने तो फेटाळला.

नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या अस्पृश्यांच्या नव्या पक्षाची स्थापना झाली आणि मजूर पक्ष मागे पडला. महार वतने जायला १९५८ चा कायदा यावा लागला. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये झाला, आणि खोताला भरपाई व कुळाला खातेदारी ही १९३७ च्या मसुद्यातली मांडणीच त्यात पुन्हा आली.