पंचमहासरोवरांतील ट्राउट व सामन मासेमारी

उत्तर अमेरिकेतील सुपीरिअर, मिशिगन, ह्यूरन, ईरी व ऑन्टारिओ ही गोड्या पाण्याची पाच सरोवरे आणि त्यांना मिळणाऱ्या नद्या यांत जाळ्याने व गळाने होणारी सामनकुलातील माशांची मासेमारी. सरोवरे अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा यांच्यात विभागलेली असून मिशिगन तेवढे पूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत आहे. सुपीरिअरचे क्षेत्रफळ सु. ८२,१०० चौ. किमी. व कमाल खोली सु. ४०६ मी. आहे. ईरी त्या मानाने उथळ (कमाल खोली सु. ६४ मी.) व उबदार असल्याने थंड पाण्याच्या या माशांना त्याचा पूर्वेकडील खोल भागच काय तो मानवतो, म्हणून पुढील विवेचनात ईरीचा उल्लेख क्वचितच येईल.

नावांचा घोळ प्रथम निस्तरणे आवश्यक आहे. मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सामन’ म्हणून विकला जाणारा रावस सामनकुलातील नाही. त्याचे कूळच वेगळे आहे. महासरोवरांतही नावे तितकीशी भरवशाची नाहीत. तेथील मूळचा ‘लेक ट्राउट’ (सॅल्व्हेलिनस नामेकुश) हा खरे तर ‘चार’ (इं. char) नावाच्या गटातला मासा. स्टीलहेड म्हणून ओळखला जाणारा स्थलांतरी इंद्रधनुषी ट्राउट १९८९ पर्यंत अटलांटिक सामनच्या प्रजातीत (सॅल्मो) गणला जाई. त्यानंतर त्याला पॅसिफिक सामनच्या प्रजातीत (ऑन्कोऱ्हिंकस) हलवण्यात आले. तेव्हा ट्राउट आणि सामन हा भेद येथे शास्त्रीय कमी व बोलण्यातला अधिक समजावा.

मूळचे मासे : वसाहतपूर्व काळात या सरोवरांत सामनकुलातील तीन मोठे शिकारी मासे होते : पाचही सरोवरांत लेक ट्राउट, काठालगत व ओढ्यांत ब्रुक ट्राउट (सुपीरिअरमधील त्याच्या सरोवरवासी रूपाला ‘कोस्टर’ म्हणतात) आणि केवळ ऑन्टारिओत अटलांटिक सामन. नायगारा धबधब्यामुळे सामनला वरच्या चार सरोवरांत जाता येत नव्हते. लेक ट्राउटचीही अनेक रूपे आहेत. उथळ पाण्यातले सडपातळ ‘लीन’ आणि खोल पाण्यातले अतिशय चरबीयुक्त ‘सिस्कोवेट’ ही त्यांपैकी प्रमुख होत. सिस्कोवेट म्हणजे ‘स्वतःच्या चरबीत आपोआप शिजणारा’ अशी लोकप्रिय व्युत्पत्ती सांगतात. तथापि ओजिब्वे भाषेतील ‘तेलकट मांसाचा’ अशा अर्थाच्या शब्दाचे ते फ्रेंच तोंडांत घासले गेलेले रूप असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ऑन्टारिओतील सामनचा प्रश्न : या सरोवरातील अटलांटिक सामन समुद्रातून सेंट लॉरेन्स नदीवाटे येत असत की जन्मापासून मरणापर्यंत गोड्या पाण्यातच राहत, हा वाद एकोणिसाव्या शतकापासून चालत आला. समुद्रगामी मानणाऱ्यांचा भर माशांच्या आकारावर होता. गोड्या पाण्यात कोंडलेले सामन सहसा लहान राहतात आणि ऑन्टारिओतले चांगलेच मोठे होत. उलट पक्षाचे म्हणणे असे की, नदीमुखापासून इतक्या लांबवर दरवर्षी येजा होत असती, तर वाटेतल्या मासेमारीत त्याचा ठळक माग दिसायला हवा होता. दोन्ही बाजूंकडे पुरावा होता तो मुख्यतः जुन्या वर्णनांचा, आणि वर्णने कोणाच्याही बाजूने वळवता येतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुरातत्त्वीय हाडे व संग्रहालयांत जपलेले जुने नमुने यांतील स्थिर समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंचे) मापन केले गेले. समुद्रात वाढलेल्या माशाच्या ऊतींत कार्बन, नायट्रोजन व गंधक यांच्या समस्थानिकांचे प्रमाण गोड्या पाण्यातल्या माशापेक्षा वेगळे असते. ऑन्टारिओच्या नमुन्यांवर समुद्राची ही खूण आढळली नाही. तपासलेल्या नमुन्यांपुरता तरी सरोवरवासी पक्ष आता वरचढ ठरला आहे.

हा वाद केवळ पंडिती नाही. लुप्त झालेल्या सामनच्या जागी कोणत्या वाणाचे बीज सोडायचे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते. गिरण्यांसाठी ओढ्यांवर घातलेले बांध, जंगलतोडीने तापलेले व गाळाने भरलेले पाणी आणि विणीच्या हंगामातली बेसुमार मासेमारी यांमुळे हा मासा १८६० च्या सुमारास विरळ झाला होता. सॅम्युअल विल्मट यांनी त्याच दशकात ऑन्टारिओतील न्यूकॅसल येथे, आपल्या घराजवळच्या ओढ्यावर, अंडी उबवण्याचे केंद्र काढले. कॅनडातील आरंभीच्या मत्स्यबीज केंद्रांपैकी ते एक होय. त्याचा उपयोग झाला नाही. शेवटच्या नोंदी साधारणपणे १८९८ च्या मानल्या जातात. एका मतानुसार एलवाइफ या माशाचा प्रसारही या ऱ्हासाला कारणीभूत होता. त्याची कारणमीमांसा पुढे दिली आहे.

लँप्रीचा उगम : समुद्री लँप्री हा जबडा नसलेला, वामसारखा लांबोडका परजीवी. चूषकासारख्या वाटोळ्या तोंडाने तो माशाला चिकटतो आणि खरखरीत जिभेने कातडी भोकसून रक्त व शरीरद्रव शोषतो. एक लँप्री आपल्या परजीवी अवस्थेत, म्हणजे १२ ते १८ महिन्यांत, सु. १८ किग्रॅ. मासे मारू शकते असा अंदाज आहे. वरच्या सरोवरांत ती कशी आली याविषयी मतभेद नाहीत. नायगाराला वळसा घालणारा वेलंड कालवा १८२९ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची पुनर्बांधणी झाल्यावर लँप्रीची नोंद ईरीत १९२१, मिशिगनमध्ये १९३६, ह्यूरनमध्ये १९३७ व सुपीरिअरमध्ये १९३८ साली झाली. वाद आहे तो ऑन्टारिओपुरता. हिमयुगाच्या अखेरीस ती स्वतःहून तेथे शिरली व तेथली मूळचीच ठरते, की एकोणिसाव्या शतकात कालव्यांतून आली?

ऑन्टारिओतील तिची पहिली नोंद काही जण १८३५ ची मानतात. इतरांच्या मते ती नोंद दुसऱ्या, स्थानिक लँप्रीची असावी व खात्रीलायक पुरावा १८८० च्या दशकातला आहे. २००० नंतरच्या काही जनुकीय अभ्यासांत ऑन्टारिओतील लँप्री अटलांटिक किनाऱ्यावरील लँप्रीपासून इतक्या वेगळ्या आढळल्या की, त्यांचा वियोग हजारो वर्षांपूर्वीचा असावा असे अनुमान काढले गेले. त्यावरचा आक्षेप असा : थोड्याच माशांपासून सुरू झालेल्या नव्या वसाहतीतही असा वेगळेपणा अल्पावधीत दिसू शकतो, शिवाय मूळचीच असती, तर लँप्रीचे व्रण असलेल्या माशांचे उल्लेख आधीच्या काळात मिळायला हवे होते. या पक्षाने अटलांटिक किनाऱ्याकडे वाहणाऱ्या ससक्वेहॅना नदीच्या खोऱ्यातून कालव्यांवाटे आगमन सुचवले आहे. जनुकीय पुरावा वजनदार असला, तरी कागदोपत्री मौनाचे समाधानकारक स्पष्टीकरण मूळवासी पक्षाला अजून देता आलेले नाही.

ऱ्हास व नियंत्रण : लँप्री पसरण्यापूर्वी सुपीरिअर, मिशिगन व ह्यूरन या वरच्या तीन सरोवरांत लेक ट्राउटचे वार्षिक उत्पादन सु. ६,८०० टन होते. १९६० च्या आरंभी ते सु. १३५ टनांवर आले. सर्व दोष लँप्रीला देण्याची प्रथा आहे, पण तिच्या आधीपासूनच कल्ल्यांत अडकणाऱ्या जाळ्यांनी साठा खंगवला होता. लेक ट्राउट बहुधा सहा-सात वर्षांनी प्रजननक्षम होतो. इतक्या संथ वाढीच्या माशाला दुहेरी मार सोसत नाही. मिशिगन सरोवरातून तो १९५० च्या दशकात पार नाहीसा झाला.

उभय देशांनी १९५४ मध्ये करार करून ग्रेट लेक्स फिशरी कमिशनची स्थापना केली. मिशिगन राज्यातील हॅमंड बे येथील प्रयोगशाळेत व्हर्नन ॲपलगेट व त्यांचे सहकारी सु. ६,००० रसायने एकामागून एक तपासत होते. रीत साधी होती : काचेच्या बरणीत लँप्रीची पिले व इतर लहान मासे एकत्र ठेवायचे, रसायन घालायचे आणि कोण मरते ते पाहायचे. त्यातून हाती लागलेले टीएफएम हे रसायन १९५८ पासून ओढ्यांत वापरले जाऊ लागले. लँप्रीची पिले ओढ्याच्या गाळात काही वर्षे दडून वाढतात; त्यामुळे विशाल सरोवराऐवजी मोजक्या ओढ्यांतच त्यांना गाठता येते. लँप्रींची संख्या पूर्वीच्या सु. एक दशांशावर आली. हे काम मात्र कायमचे सोडता येत नाही. २०२० व २०२१ मध्ये साथीच्या निर्बंधांमुळे ओढ्यांवरील उपचार कमी पडले आणि लँप्री पुन्हा वाढल्या.

पॅसिफिक सामनचे आगमन : मोठे शिकारी मासे संपल्यावर सरोवरे एलवाइफने भरली. तारली व पाला ज्या गणातले, त्याच गणातला हा लहान समुद्री मासा. ऑन्टारिओत त्याची नोंद १८७३ च्या सुमारास झाली. तो तेथला मूळचा की आगंतुक, हाही लँप्रीसारखाच अनिर्णित प्रश्न आहे. मिशिगन सरोवरात तो १९४९ मध्ये दिसला आणि १९६० च्या मध्यापर्यंत तेथील माशांच्या एकूण वजनात बहुतांश त्याचेच होते. १९६७ च्या उन्हाळ्यात त्याचे प्रचंड मृत्यू झाले. शिकागोसारख्या शहरांच्या किनाऱ्यांवर कुजके ढीग साचले.

मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी १९६४ मध्ये सूत्रे हाती घेतली. ओरेगन राज्याकडून दहा लाख कोहो सामनची अंडी मिळवून त्यांतून वाढवलेली पिले वसंत १९६६ मध्ये प्लॅट नदी, बेअर क्रीक व सुपीरिअरला मिळणाऱ्या एका नदीत सोडण्यात आली. पुढील वर्षी चिनूक सामनची भर पडली. एलवाइफवर नियंत्रण हा हेतू सांगितला जातो. पण टॅनर व त्यांचे सहकारी वेन टोडी यांचा कल आरंभापासूनच व्यापारी जाळ्यांऐवजी गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांसाठी नवी मासेमारी उभी करण्याकडे होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. १९६७ च्या शरदात प्लॅट उपसागरात कोहो पकडण्यासाठी होड्यांची झुंबड उडाली. त्याच धामधुमीत २३ सप्टेंबरच्या वादळात सात जण मृत्युमुखी पडले. १९६९ मध्ये डीडीटीच्या अंशामुळे कोहोचा मोठा साठा अमेरिकी सरकारने जप्त केला.

मिशिगनचा हा प्रयोग पहिला नव्हे. चिनूकची पिले १८७० च्या दशकातही सोडली गेली होती, ती रुजली नाहीत. स्टीलहेड ऑ सेबल नदीत १८७६ मध्ये, तर तपकिरी ट्राउट जर्मनीतून आणलेल्या अंड्यांतून बाल्डविन नदीत १८८४ मध्ये सोडले गेले आणि दोन्ही तगले. सर्वांत विलक्षण कथा गुलाबी सामनची आहे. १९५६ मध्ये सुपीरिअरच्या थंडर बेकाठी मत्स्यबीज केंद्रातून सु. २१,००० बोटुकली नको म्हणून सोडून देण्यात आली. त्यांतून वंश टिकला व पाचही सरोवरांत पसरला. पॅसिफिकमध्ये हा मासा काटेकोर दोन वर्षांच्या चक्राने जगतो. येथे तीन वर्षांचेही मासे निपजले आणि त्यामुळे सम वर्षांतही वीण सुरू झाली.

मासेमारीचे तंत्र : सारे कौशल्य पाण्याचे तापमान शोधण्यात आहे. उन्हाळ्यात सरोवराचे पाणी थर धरते. वरचा उबदार थर व खालचे थंड पाणी यांच्या सीमेजवळ, साधारण १० ते १३ से. तापमानात, चिनूक व कोहो वावरतात. लेक ट्राउट त्याहून थंड पाण्यात, बहुधा तळालगत असतो. वारा किनाऱ्यावरून सरोवराकडे वाहिला की उबदार पाणी दूर ढकलले जाते, थंड पाणी काठाशी वर येते आणि काल तीस मीटरवर असलेला मासा आज बंदराच्या भिंतीजवळ मिळतो. म्हणून तेथील कोणीही मागच्या दोन दिवसांचा वारा विचारल्याशिवाय बोट काढत नाही.

चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेण्याच्या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. आमिष ठरावीक खोलीवर नेण्यासाठी डाउनरिगर वापरतात : चारपाच किलोचे वजन तारेने खाली सोडलेले असते व गळाची दोरी त्याला चिमट्याने जोडलेली असते. मासा लागताच चिमटा सुटतो व वजनाचा अडथळा न येता मासा थेट गळाने खेळवता येतो. दुसरा प्रकार शिशाच्या गाभ्याच्या दोरीचा. तिचा रंग दर दहा यार्डांना बदलतो. त्यामुळे खोली ‘पाच रंग’, ‘सात रंग’ अशी सांगितली जाते. बोटीच्या दोन्ही अंगांना तरंगत्या फळ्या सोडून दोऱ्या फाकवल्या, की एका वेळी बरेच गळ गुंता न होता ओढता येतात. शरदात मासे नद्यांत चढतात तेव्हा तंत्र पालटते. विणीस निघालेला सामन खाणे जवळपास सोडतो. तो आमिषाला का लागतो, चिडून की सवयीने, यावर एकमत नाही. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून लेक ट्राउट धरतात.

सद्यःस्थिती : एलवाइफच्या शरीरात थायामिनेज हे विकर असते. तो सतत खाणाऱ्या माशांच्या अंड्यांत जीवनसत्त्व ब१ कमी पडते व पिले दगावतात. ऑन्टारिओतील मूळ सामनच्या ऱ्हासाशी एलवाइफचा संबंध याच आधारे जोडला जातो. पुढे क्वागा या आगंतुक शिंपल्यांनी पाण्यातील प्लवके (तरंगते सूक्ष्मजीव) गाळून टाकली, ह्यूरनमधील एलवाइफ २००३-०४ मध्ये कोसळले आणि त्यांवर पोसलेला चिनूकही. त्याच ह्यूरनमध्ये लेक ट्राउटची नैसर्गिक वीण मात्र सुधारली. गोबी हा दुसरा आगंतुक मासा आता त्याचे भक्ष्य आहे. मिशिगन सरोवरात भक्ष्य व शिकारी यांचा मेळ राखण्यासाठी चिनूकची पिले सोडण्याचे प्रमाण १९९९ पासून अनेकदा घटवले गेले. तरी २०२१ मध्ये लडिंग्टनजवळ सु. २१.७ किग्रॅ. वजनाचा, मिशिगन राज्यातील विक्रमी चिनूक गळाला लागला. सुपीरिअरच्या बहुतेक भागात लेक ट्राउट पूर्ववत झाल्याचे कमिशनने २०२४ मध्ये जाहीर केले.

आदिवासी हक्क : ओजिब्वे, ओडावा आदी लोक युरोपीयांच्या आगमनापूर्वीपासून येथे जाळी टाकत आले. अमेरिकेच्या सरकारशी झालेल्या १८३६ च्या तहात त्यांनी जमीन दिली, मासेमारीचा हक्क राखला. मिशिगन राज्य सरकारने हौशी गळवाल्यांच्या बाजूने तो आखडता घेतला असता न्यायाधीश नोएल फॉक्स यांनी १९७९ मध्ये तहाचा हक्क अबाधित असल्याचा निर्णय दिला. जाळ्यांची क्षेत्रे व पकडीच्या मर्यादा त्यानंतर १९८५, २००० व २०२३ च्या न्यायालयीन हुकुमांनी ठरवल्या गेल्या.