जीन चालू आहे, पण माल कुठेय? लिन-२८ ची करामत

भ्रूणातल्या स्टेम सेलचा (म्हणजे अजून कुठलंच ठरावीक काम न घेतलेल्या पेशीचा) विषय निघाला की सगळं कौतुक डीएनएच्या वाट्याला जातं, अमुक जीन चालू, तमुक बंद वगैरे. पण जीन चालू झाला म्हणजे काम झालं असं नसतं हो. डीएनएवरून आरएनएची कॉपी निघते, आणि ती टिकवायची, कापायची का सरळ फेकून द्यायची हे बऱ्याचदा आरएनएला चिकटणारी प्रोटीन्स ठरवतात. त्यातलं माझं लाडकं म्हणजे लिन-२८.

या प्रोटीनचा जीन आधी सापडला सी. एलिगन्स नावाच्या जेमतेम १ मिलीमीटरच्या किड्यात. १९८४ मध्ये व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी दाखवलं की तो बिघडला तर किड्याच्या काही पेशी वाढीचा एक टप्पा गाळून थेट पुढचं काम करायला लागतात, म्हणजे वयाआधीच मोठ्या होतात! पुढे २००० मध्ये गॅरी रव्कुन यांच्या लॅबमध्ये लेट-७ हा इवलासा मायक्रोआरएनए (दुसऱ्या आरएनएंना दाबणारा छोटासा आरएनए) सापडला, आणि तो बरोबर उलटं काम करतो, पेशीला म्हणतो आता पुरे, मोठी हो. (मायक्रोआरएनएच्या शोधासाठी या ॲम्ब्रोस-रव्कुन जोडीला २०२४ चं नोबेल मिळालं.)

आता गंमत बघा. स्टेम सेलमध्ये लेट-७ चा कच्चा आरएनए बनत असतो, पण तयार लेट-७ जवळपास दिसतच नाही. कारण लिन-२८ वाटेतच त्या कच्च्या आरएनएचा वळसा धरतं, त्यातली जीजीएजी ही आरएनएच्या भाषेतली चार अक्षरं नेमकी ओळखतं आणि टट-४ नावाच्या एन्झाइमला बोलावतं, ते मागे यू-यू-यू अशी शेपटी जोडतं, आणि ती शेपटी दिसली की डिस३एल२ नावाचं दुसरं एन्झाइम तिथूनच अख्खा आरएनए खाऊन टाकतं. लेट-७ पण कमी नाही, तो तयार झालाच तर उलट लिन-२८ चाच आरएनए दाबतो. त्यामुळे पारडं एकदा लेट-७ कडे झुकलं की झुकतच जातं, आणि पेशी स्टेम सेलपण सोडून पुढच्या वाटेला लागते.

२००७ मध्ये जेम्स थॉमसन यांच्या टीमने माणसाच्या साध्या पेशींना परत स्टेम सेलसारखं बनवलं तेव्हा वापरलेल्या चार जीन्समध्ये ऑक्ट-४, सॉक्स-२, नॅनॉग यांच्यासोबत लिन-२८ पण होता, आणि चौघांत आरएनएला धरणारा म्हणून ओळखला जाणारा हा एकटाच, पण नाव मात्र बाकीच्यांचंच जास्त होतं.

ही साखळी बिघडली तर मात्र महागात पडतं. डिस३एल२ मध्ये दोष असला तर पर्लमन सिंड्रोम होतो, बाळं जन्मतःच अवाजवी मोठी असतात आणि किडनीत विल्म्स ट्यूमरचा (लहान मुलांना होणाऱ्या किडनीच्या कॅन्सरचा) धोका वाढतो. काही कॅन्सरमध्ये लिन-२८ परत जागं झालेलं सापडतं, म्हणून त्याची लेट-७ वरची पकड सोडवणारे रेणू लॅबमध्ये तपासले जातायत.