लिनक्सवरील बिनतारी नेटवर्क कार्ड

लिनक्स चालणाऱ्या संगणकात बसवलेले किंवा यूएसबी पोर्टला लावलेले वाय-फाय कार्ड प्रत्यक्ष वापरात येईपर्यंत ज्या टप्प्यांतून जाते, त्यांचा आणि त्यांत येणाऱ्या अडचणींचा विचार या नोंदीत केला आहे. तारेने जोडायचे नेटवर्क कार्ड बहुधा लावताक्षणीच चालू होते. बिनतारी कार्डाचे तसे नसते. त्याला कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) लागतो, त्याच्या स्वतःच्या चिपवर चालणारे सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर लागते, ज्या देशात ते वापरले जाते तेथील लहरींच्या वापराचे नियम त्याला पाळावे लागतात आणि पासवर्डची खातरजमा करणारा एक स्वतंत्र प्रोग्रॅमही लागतो. यांपैकी काहीही कमी पडले तरी वापरणाऱ्याला दिसणारे लक्षण बहुतेक वेळा सारखेच असते, ते म्हणजे वाय-फाय जोडले जात नाही. त्यामुळे कोठे अडले आहे ते आधी शोधणे आणि मगच उपाय करणे हीच या कामाची योग्य रीत आहे. सापडेल तो उपाय करून पाहिल्याने चालू असलेले भागही बिघडण्याचा धोका असतो.

पहिले काम कार्डाची खरी ओळख पटवण्याचे. खोक्यावरचे नाव येथे फारसे उपयोगी पडत नाही, कारण ड्रायव्हर कार्ड विकणाऱ्या कंपनीसाठी नव्हे, तर आतल्या चिपसाठी लिहिलेला असतो. टीपी-लिंकचे टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे यूएसबी अडॅप्टर याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती आणि लिनक्सवर तिला उत्तम आधार होता. पुढच्या आवृत्त्यांत नाव तेच ठेवून रिअलटेकची चिप आली आणि त्याबरोबर लागणारा ड्रायव्हरही पूर्णपणे बदलला. म्हणून आतल्या कार्डासाठी ‘एलएसपीसीआय’ आणि यूएसबी अडॅप्टरसाठी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा चालवून मिळणारा उत्पादक-क्रमांक आणि उपकरण-क्रमांक हीच भरवशाची खूण मानावी. पीसीआय कार्डांच्या (संगणकाच्या आतल्या जोडणीमार्गावर बसणाऱ्या कार्डांच्या) बाबतीत इंटेलचा उत्पादक-क्रमांक ८०८६, रिअलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४ आणि अथेरॉसचा १६८सी असा आहे. काही यूएसबी अडॅप्टर लावल्यावर प्रथम स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतात, कारण विंडोजचा ड्रायव्हर त्यांच्याच आत साठवलेला असतो. ‘यूएसबी मोडस्विच’ हा प्रोग्रॅम त्यांना नेटवर्क कार्डाच्या रूपात आणतो. तोपर्यंत यादीत दिसणारा क्रमांक दिशाभूल करणारा असतो.

कर्नलमधील प्रत्येक ड्रायव्हर मॉड्यूलमध्ये (गरजेनुसार कर्नलला जोडल्या जाणाऱ्या भागात) ते कोणकोणत्या क्रमांकांची उपकरणे चालवू शकते याची यादी असते. उपकरण सापडले की त्याचा क्रमांक या याद्यांशी ताडून योग्य मॉड्यूल आपोआप चढवले जाते. नवे कार्ड आणि जुने कर्नल अशी जोडी जमली, तर त्या कर्नलच्या कोणत्याच यादीत तो क्रमांक नसतो आणि काहीच घडत नाही. अशा वेळी सेटिंगमध्ये शोधाशोध करण्याऐवजी नवे कर्नल घेणे हाच सरळ उपाय ठरतो. मॉड्यूल चढले की कार्डाला एक नाव मिळते. पूर्वी ते ‘डब्ल्यूलॅन०’ असे सरसकट असे. २०१३ पासून सिस्टमडी या लिनक्समधील सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने जागेवरून नाव देण्याची पद्धत आणली आणि ‘डब्ल्यूएलपी३एस०’ यासारखी नावे रूढ झाली; त्यातील ३ हा पीसीआय बसचा आणि ० हा स्लॉटचा क्रमांक असतो. हे नाव यादीत दिसत असेल, तर ड्रायव्हरचा टप्पा पार पडला असे बहुधा समजायला हरकत नाही आणि पुढचा शोध अन्यत्र घ्यावा.

आज इंटरनेटवर सापडणारे बरेचसे सल्ले आता लागू नाहीत, आणि ते का हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे. वाय-फायचे मूळ मानक ८०२.११ हे १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास एचपीच्या पाठबळाने लिनक्समध्ये ‘वायरलेस एक्स्टेन्शन्स’ ही बिनतारी कार्डांशी बोलण्याची रचना तयार झाली आणि ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ ही आज्ञा पुढे अनेक वर्षे वापरात राहिली. मात्र चिपांचे उत्पादक माहितीपत्रके देत नसत. त्यामुळे २००० नंतरच्या दशकात अनेकांना ‘एनडीआयएसरॅपर’ वापरावे लागले; विंडोजसाठी तयार केलेला ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच चालवण्याची ती युक्ती होती. ती कौशल्याची होती, पण आत काय चालले आहे हे कोणालाच पाहता येत नसे आणि दोष सुधारताही येत नसे. ब्रॉडकॉमच्या चिपांसाठी स्वयंसेवकांनी रिव्हर्स इंजिनिअरिंग करून (चिप कशी चालते ते उलट शोधून) ड्रायव्हर लिहिला. तो २००६ साली कर्नल २.६.१७ मध्ये आला आणि २००८ च्या जानेवारीत २.६.२४ मध्ये त्याची जागा ‘बी४३’ ने घेतली. अथेरॉसच्या कार्डांसाठीचा ‘मॅडवायफाय’ हा ड्रायव्हर एका बंदिस्त भागावर अवलंबून होता. ओपनबीएसडी या दुसऱ्या संगणकप्रणालीच्या प्रकल्पात त्या भागाला मुक्त (स्रोत, म्हणजे मूळ प्रोग्रॅम-लेखन, सर्वांना खुले असलेला) पर्याय तयार झाला आणि त्याच्या आधारे ‘एटीएच५के’ उभा राहिला. २००८ साली अथेरॉसने आपल्या नव्या चिपांसाठी ‘एटीएच९के’ हा ड्रायव्हर स्वतःहून मुक्त केला, आणि २०१० साली ब्रॉडकॉमनेही एक मुक्त ड्रायव्हर दिला.

या सर्वांहून दूरगामी ठरलेला बदल म्हणजे २००७ च्या जुलैमध्ये कर्नल २.६.२२ मध्ये आलेला ‘मॅक८०२११’ हा सामाईक थर. त्याआधी प्रत्येक ड्रायव्हर नेटवर्क शोधणे, जोडणी करणे आणि गती ठरवणे ही कामे आपापल्या परीने करत असे. या थरामुळे ती एकाच ठिकाणी आली आणि ड्रायव्हरकडे फक्त त्या चिपपुरते काम उरले. लिनक्सवरचे वाय-फाय सुधारण्याचे श्रेय कोणत्याही एका कंपनीच्या औदार्याहून या रचनेला अधिक द्यावे लागेल. नव्या रचनेशी ‘आयडब्ल्यू’ ही आज्ञा बोलते. ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’वर आधारलेली जुनी मार्गदर्शने आणि एनडीआयएसरॅपर बसवण्याचे सल्ले आता बाजूला ठेवावेत.

फर्मवेअर हा पुढचा आणि आज सर्वाधिक अडवणारा टप्पा आहे. बहुतेक आधुनिक कार्डांत फर्मवेअर कायमचे साठवलेले नसते. कार्ड सुरू होताना ड्रायव्हर ते डिस्कवरील ‘लिब-फर्मवेअर’ या फोल्डरमधून उचलून चिपमध्ये भरतो. फाइल नसेल, तर ‘डीमेसेज’ या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदीत तिचे नाव आणि उणे २ हा त्रुटी-क्रमांक येतो, त्याचा अर्थ फाइल सापडली नाही एवढाच आहे. इंटेलचा ड्रायव्हर सर्वांत नव्या आवृत्तीपासून सुरुवात करून एकेक जुनी आवृत्ती मागत जातो. म्हणून अशा चार-पाच ओळी दिसल्यावर घाबरून जाऊ नये. शेवटी एखादी आवृत्ती भरली गेल्याची नोंद असेल, तर त्या ओळी निरुपद्रवी असतात. ‘लिनक्स-फर्मवेअर’ या संचात बहुतेक उत्पादकांच्या फाइली मिळतात, पण त्यांचा स्रोत खुला नसल्यामुळे डेबियन या लिनक्स वितरणाने त्या आपल्या मुख्य इन्स्टॉलरमधून अनेक वर्षे बाहेर ठेवल्या होत्या. २०२२ साली मतदान घेऊन त्यांनी हे धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून इन्स्टॉलरबरोबरच फर्मवेअर मिळू लागले. तत्त्वाशी तडजोड झाली अशी काहींची हळहळ समजण्यासारखी आहे. मात्र वाय-फाय चालण्यासाठी फर्मवेअर हवे आणि ते उतरवण्यासाठी वाय-फाय हवे, हा पेच नव्या माणसाला पहिल्याच दिवशी परत फिरवत असे हेही खरे. या पेचातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे मोबाइल फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला देणे. त्यासाठी बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

कर्नलमध्ये ज्यांचा ड्रायव्हर नाही अशा कार्डांत रिअलटेकची यूएसबी अडॅप्टर बरीच आढळतात. अशांसाठी ड्रायव्हरचा स्रोत वेगळा आणून संगणकावरच बांधावा (कंपाइल करावा) लागतो. त्यासाठी चालू कर्नलशी जुळणारी हेडर-पॅकेजे (मॉड्यूल बांधताना लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) हवीत, आणि ‘डीकेएमएस’ ही व्यवस्था वापरलेली बरी, कारण ती प्रत्येक नव्या कर्नलबरोबर मॉड्यूल पुन्हा बांधते. कर्नल अद्ययावत केल्याच्या दुसऱ्या दिवशी वाय-फाय नाहीसे झाले, अशा तक्रारीमागे पुष्कळदा ही पुनर्बांधणी झालेली नसते. संगणकात सिक्युअर बूट (स्वाक्षरी असलेलेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असल्यास स्वतः बांधलेल्या मॉड्यूलवर स्वाक्षरी करून तिची चावी संगणकाच्या स्वीकृत यादीत नोंदवावी लागते. नाहीतर मॉड्यूल बिनचूक बांधूनही कर्नल ते नाकारते. फेब्रुवारी २०२३ मधील कर्नल ६.२ पासून ‘आरटीडब्ल्यू८८’ या ड्रायव्हरमध्ये यूएसबीचा आधार आल्याने काही अडॅप्टरांची ही खटपट संपली आहे.

कधी कधी ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोन्ही ठीक असूनही रेडिओच बंद असतो. ‘आरएफकिल’ ही आज्ञा त्याची स्थिती सांगते. सॉफ्टवेअरने घातलेला अटकाव त्याच आज्ञेने काढता येतो. हार्डवेअरचा अटकाव मात्र लॅपटॉपवरील बटणाने, कळीने किंवा बायॉसमधूनच (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधूनच) काढावा लागतो. त्याच संगणकावर विंडोजही असेल, तर त्यातील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून पाहावे, कारण त्या सोयीमुळे विंडोज पुरते बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येऊ शकते.

लहरींच्या नियमांची बाजू सहसा दुर्लक्षित राहते. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात अमेरिकेत ११ चॅनेल (पट्ट्याचे ठरावीक भाग) वापरले जातात, बहुतेक इतर देशांत १३, आणि चौदावे चॅनेल फक्त जपानमध्ये, तेही जुन्या ८०२.११बी पद्धतीपुरतेच. कर्नलला देश माहीत नसेल, तर ते ‘००’ हा सर्वत्र चालेल असा सावध नियमसंच लावते. एखादा राउटर तेराव्या चॅनेलवर असताना शेजारच्या फोनवर त्याचे नेटवर्क दिसावे आणि लिनक्सवर दिसू नये, याचे कारण अनेकदा चुकीच्या देशाच्या नोंदीत सापडते. इंटेलची बरीच कार्डे आपला देश आसपासच्या संकेतांवरून स्वतः ठरवतात आणि वापरणाऱ्याने दिलेली नोंद मानत नाहीत. म्हणून त्यांच्यावर ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात हॉटस्पॉट सुरू करणे अवघड जाते.

पासवर्डची खातरजमा योउनी मालिनेन यांनी लिहिलेला ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ किंवा इंटेलमध्ये तयार झालेला ‘आयडब्ल्यूडी’ करतो, आणि त्यांच्या वर ‘नेटवर्क मॅनेजर’सारखा व्यवस्थापक असतो. एकाच कार्डावर दोन व्यवस्थापक चालू ठेवू नयेत, कारण एकाने केलेली जोडणी दुसरा तोडतो आणि दोष कार्डाचा वाटतो. जोडणी टिकते, पण मधूनमधून संथ होते किंवा तुटते, अशा वेळी कार्डाची वीजबचत बंद करून पाहणे ही पहिली आणि बरेचदा पुरेशी चाचणी आहे.

हे सारे करूनही कार्ड चालले नाही, तर ते बदलण्याचा पर्याय उरतो. लॅपटॉपमधील एम.२ खाचेत बसणारी सर्व कार्डे मात्र एकसारखी नसतात. इंटेलचे एएक्स२०० हे स्वयंपूर्ण कार्ड आहे, तर दिसायला तसेच असलेले एएक्स२०१ आपले निम्मे काम इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरांबरोबर येणाऱ्या भागावर सोपवते आणि इतर संगणकांत ओळखलेही जात नाही. काही लॅपटॉपांच्या बायॉसमध्ये मान्य कार्डांची यादी असते आणि यादीबाहेरचे कार्ड लावल्यास संगणक सुरूच होत नाही. खरेदीपूर्वी खाचेचा प्रकार, ही यादी आणि चिपचा क्रमांक या तीनही गोष्टी तपासाव्यात.