चेलोवादक कंडक्टर

गोव्यात कंडक्टर म्हटलं की आधी बसमधला तिकीटवालाच आठवतो, पण इथे विषय ऑर्केस्ट्राच्या कंडक्टरचा, त्यातही जो चेलो (बसून, गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य) वाजवत वाजवत पोडियमवर, म्हणजे कंडक्टरच्या चौथऱ्यावर पोचला त्याचा.

चेलोला चार तारा, सी-जी-डी-ए, म्हणजे सीला सा धरला तर सा-प-रे-ध. चेलोवाले बहुतेकदा कंडक्टरच्या उजव्या हाताला बसतात, त्यांना धून क्वचित मिळते, बाकी वेळ बेस, म्हणजे खालचे सूर धरून वरच्या व्हायोलिनांचं ऐकत बसायचं, आणि मला वाटतं कंडक्टरचा कान तिथेच तयार होतो.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण इटालियन कंडक्टर आर्तुरो टोस्कानिनीचं. १८८६ साली इटालियन ऑपेरा कंपनी रिओला गेलेली, कंडक्टरने ऐनवेळी काम सोडलं, बदली उभे राहिले त्यांची पब्लिकने हुर्यो उडवली, शेवटी १९ वर्षांच्या या पोराला चेलोवरून उठवलं आणि त्याने ‘आयदा’ हा पूर्ण ऑपेरा नोटेशन न बघता, पाठ कंडक्ट केला! तरी पुढच्या वर्षी मिलानला व्हेर्दीच्या ‘ओतेल्लो’ या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात पठ्ठ्या परत चेलोच वाजवत होता. ऑस्ट्रियन कंडक्टर हार्नोनकोर्टने तर व्हिएन्नात १९५२ ते १९६९ ऑर्केस्ट्रात चेलोची नोकरी केली, मधे १९५३ मध्ये स्वतःचा ग्रुपही काढला. रशियन चेलोवादक रोस्त्रोपोविच १९७७ ते १९९४ वॉशिंग्टनच्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख होता, चेलो सोडला नाहीच.

गोव्यात मात्र ही वाट व्हायोलिनवरून जाते. चर्चचा मेस्त, म्हणजे संगीत मास्तर, पोरांना सोल्फा (दो-रे-मी) शिकवून हातात व्हायोलिन द्यायचा. १९५२ मध्ये आकादेमिया द म्युझिका ही संगीतशाळा सुरू करणारे आंतोनियो फोर्तुनातो द फिगैरेदो व्हायोलिनवाले, मुंबईत १९५८ला स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस पण व्हायोलिनवालेच. चेलो महाग, स्कूटरवर नेता येत नाही, आणि जून लागला की खुंट्या फुगून अडकतात, गोंदाचे सांधे सुटायला लागतात, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून पण फार उपयोग होत नाही.

वाजवता वाजवता कंडक्ट करणं हा वेगळाच प्रकार. व्हायोलिनवाला उभा राहून बो (गज) हलवून इशारा देतो, चेलोवाला बसलेला, दोन्ही हात अडकलेले, मग श्वास, भुवया आणि मान यांवरच काम चालतं. रिहर्सलला मात्र त्याची मजा, बो कुठून उचलायचा यावर वाद झाला की बॅटन, म्हणजे कंडक्टरची छडी, स्टँडवर ठेवायची, शेजारच्याचा चेलो मागून घ्यायचा आणि सरळ वाजवून दाखवायचं.