सूज हातावर, सुरुवात मानेपासून

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसीका ग्रंथी, म्हणजे ऊतींतला द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी, काढाव्या लागल्या, तर काही जणींचा त्या बाजूचा हात काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही सुजू लागतो. बांगडी चढेनाशी होते, ब्लाउजची बाही दाटते. अशा वेळी प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट सुजलेल्या हाताला लगेच स्पर्श करत नाही. ती आधी मानेपाशी, कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात बोटं टेकवते आणि तिथली त्वचा अलगद सरकवते. मग निरोगी बाजूची काख, छाती, पाठ, त्यानंतर दंड आणि अगदी शेवटी बोटं. तुंबलेला पाट मोकळा करताना पुढचं तोंड आधी उघडतात, तसंच हे.

रक्ताच्या केशवाहिन्यांतून दिवसभरात काही लिटर द्रव ऊतींमध्ये झिरपतो. तो गोळा करून मानेच्या मुळाशी असलेल्या मोठ्या शिरांत परत नेणं हे लसीकावाहिन्यांचं काम. या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. त्या स्वतःच आकुंचन पावतात, आतल्या झडपा द्रवाला मागे येऊ देत नाहीत, आणि श्वास व स्नायूंची हालचाल त्याला पुढे ढकलते. वाटेत ग्रंथी म्हणजे गाळणी. बोटाची जखम चिघळली की काखेत अवधाण येतं, ते याच वाटेवर.

मला सर्वांत थक्क करते ती या वाहिन्यांची सुरुवात. त्वचेखाली त्यांच्या भिंती जेमतेम एका पेशीच्या जाडीच्या असतात आणि बारीक तंतूंनी आसपासच्या ऊतीला बांधलेल्या असतात. त्वचा हलकीच ताणली की तंतू ओढले जातात, पेशींमधल्या फटी उघडतात आणि द्रव आत शिरतो. म्हणून इथे तेल लावून रगडण्याचा उपयोग नाही. जोरात चोळलं तर रक्तप्रवाह वाढून ऊतींत आणखी द्रव उतरू शकतो. डेन्मार्कचे एमिल आणि एस्ट्रिड वोडर या दांपत्याने 1930च्या दशकात ही हलकी पद्धत विकसित केली आणि 1936 साली पॅरिसमध्ये मांडली.

काढलेल्या ग्रंथी यामुळे परत येत नाहीत. शरीराकडे आधीपासून असलेल्या आडवाटांनी द्रव वळवणं, एवढंच मसाज करणाऱ्या हाताचं काम. उपचाराचा मुख्य आधार दाबपट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा हाच आहे. 2015 सालच्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, दिसलं, की दाबपट्टीला या मसाजची जोड दिल्यास थोडा जास्त फायदा होऊ शकतो, विशेषतः सूज सौम्य ते मध्यम असताना. ‘विषारी द्रव्यं बाहेर काढणारा मसाज’ म्हणून निरोगी माणसांना हेच विकलं जातं, त्याला मात्र भक्कम आधार नाही.

गडचिरोली-चंद्रपूरकडे हत्तीरोगाने सुजलेले पाय याच वाहिन्यांच्या बिघाडातून येतात. डासांमार्फत आलेले कृमी या वाहिन्यांत राहून त्या निकामी करतात. अशा पायाला मसाजपेक्षा जास्त मोल आहे ते रोज साबणाने धुण्याला, बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करण्याला, पाय उंचावर ठेवण्याला आणि घोटा हलवत राहण्याला. प्रत्येक नव्या जंतुसंसर्गाने वाहिन्या आणखी खराब होतात.

सुजलेला भाग लाल, गरम झाला, ताप आला, किंवा एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली, तर कुणालाही मसाज करू देऊ नका. त्वचेचा संसर्ग किंवा शिरेतली रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.