हिरवं बटन, लाल बटन: वावरातल्या स्टार्टरची पार्श्वभूमी

विदर्भात विहिरीवरच्या मोटरच्या खोलीत डोकावलं, की भिंतीला एक लोखंडी डबा दिसतो, तो मोटर चालू-बंद करणारा स्टार्टर. वर दोनच बटनं: हिरवं चालू, लाल बंद. आमच्या डब्यावरच्या हिरव्या बटनाचा रंग बाबांच्या अंगठ्यानं पार झिजून गेला आहे. “लाईन आली का हिरवं दाबजो,” एवढं सांगितलं की अक्षरओळख नसलेला सालदारही ओलीत उरकायचा.

या साधेपणाच्या आत बरंच काही आहे. हिरवं दाबलं की आतली कॉइल चुंबक होऊन पट्ट्या ओढून धरते आणि मोटरला लाईन मिळते. लाईन गेली की त्या सुटतात, आणि लाईन परत आली तरी कोणी बटन दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. मोटर दुरुस्त करणाऱ्याचा हात किंवा जीव यानंच वाचतो. लोड वाढून रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद पाडणारा भाग) पडला, तर तो रिसेट करायला तेच लाल बटन. रिले किती अँपिअरवर ठेवायचा (5 एचपीला साधारण साडेसात) ती चकती मात्र झाकणाच्या आत, कारण ते काम मेकॅनिकचं आणि क्वचितचं. रोजचं बाहेर, बाकीचं आत. ही वाटणी ज्यानं केली, त्यानं शेतकऱ्याचा दिवस नीट पाहिला असला पाहिजे.

भारनियमनानं ती वाटणी मोडली. शेतीच्या थ्री फेज लाईनची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. मध्यरात्री एक बटन दाबायला साप-रानडुकरांच्या भीतीत, हातात बॅटरी घेऊन वावर गाठायचं. त्यातून ऑटोस्विच आले: लाईन आली की मोटर आपोआप चालू. माणूस घरी राहिला, भार डीपीवर (शेतांना लाईन देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) गेला. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम उठल्या तर डीपी जळते, आणि ऐन हरभऱ्याच्या ओलितात सगळ्यांचंच पाणी थांबतं. म्हणून महावितरण ऑटोस्विच काढा, डीपीवरचा भार हलका करणारा कॅपॅसिटर लावा असं सांगत आली आहे.

पुढे एक फेज गेला तर मोटर वाचवणारा प्रिव्हेंटर आला, विहीर कोरडी पडली की मोटर बंद करणारा ड्राय रन आला, टायमर आला. मग मोबाईल स्टार्टर. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ त्यातलं सुरुवातीचं. साध्या कीपॅडच्या फोनवरून मोटर चालू-बंद होऊ लागली, ही मोठी सोय झाली. पण आमच्याकडच्या स्टार्टरचं सेटिंग इंग्रजी एसएमएसनं होतं. एक अक्षर चुकलं की काहीच होत नाही, आणि का झालं नाही हेही कळत नाही. लवचीकपणाला माझा विरोध नाही. ड्राय रननं आमची मोटर दोनदा वाचवली. पण रोज लागणाऱ्या बटनाची वाट त्या सेटिंगमधून जायला नको.

2019 पासून पीएम-कुसुम योजनेतून सौर पंप येऊ लागले. ऊन असेल तेव्हाच मोटर चालते, त्यामुळे रात्रीची पाळी आणि ऑटोस्विच दोन्हींची गरज संपते. बाबा आता शेजारच्या वावरातला सौर पंप पाहायला जातात, आणि त्याच्या कंट्रोलरवर पहिल्यांदा विचारतात ते हेच: चालू कुठून करायचा, बंद कुठून.