डब्यातले चार तास

ठाण्यातल्या घोडबंदर रोडला राहणाऱ्या घरांचं घड्याळ शाळेच्या बसवर चालतं. सहा वीसला बस फाटकाशी येणार म्हणजे सहाला डबा भरलेला हवा. पुढे बस मानपाड्याच्या आसपास रखडते, प्रार्थना होते, तीन तास होतात आणि डबा उघडतो साडेनऊ-पावणेदहाला. आपण केलेले पोहे आणि मुलाने खाल्लेले पोहे यांत जवळजवळ चार तासांचं अंतर असतं. मुलांच्या डब्यासाठी पौष्टिक पदार्थांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात, पण या चार तासांचा हिशेब त्यांत फारसा नसतो.

सर्वांत आधी फोडणीचा भात, कारण तो घरोघरी होतो आणि त्याच्याबद्दलच आपण सर्वांत बेफिकीर असतो. तांदळावर शेतातल्या मातीतून ‘बॅसिलस सेरियस’ नावाचा जीवाणू आलेला असतो. तो बीजाणूंच्या रूपात झोपलेला असतो आणि भात शिजवल्याने हे बीजाणू मरत नाहीत. उलट उष्णतेने ते जागे होतात, आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे बाकीचे जीवाणू तेवढ्यात मेलेले असतात. रात्री नऊला उतरवलेला भात ओट्यावर तसाच राहिला की त्यांना रान मोकळं. अनुकूल उबेत जीवाणू साधारण वीस मिनिटांत दुप्पट होतात असं धरलं, तर चार तासांत बारा वेळा दुप्पट होऊन एकाचे 4096 होतात.

खरी अडचण पुढेच आहे. याचे काही प्रकार भातात एक विष सोडतात, त्याने तासा-सहा तासांत उलट्या सुरू होतात. (मग आपण म्हणतो, बस लागली.) घरच्या कुकरमध्ये तापमान फार तर 120 अंशांच्या आसपास जातं, हे विष 121 अंशांवर दीड तास ठेवलं तरी टिकतं. म्हणजे सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी रात्रीची चूक निस्तरत नाही. उपाय रात्रीच करायचा. उरलेला भात पातेल्यात गच्च न ठेवता ताटात पसरून लवकर निववायचा आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाकायचा. सकाळी फ्रिजमधून काढून चांगली वाफ येईपर्यंत परतायचा. वरून लिंबू पिळलं तर आंबटपणाने थोडी मदत होते, पण लिंबावर विसंबू नये.

अन्न 5 ते 60 अंशांच्या मध्ये एकूण चार तासांपेक्षा जास्त राहिलं तर खाऊ नये, असा एक रूढ नियम आहे. ऑक्टोबरात ठाण्यात सकाळी दहालाच पारा तिशी ओलांडतो, त्यामुळे आपला डबा या नियमात जेमतेम बसतो. तो दुपारी दीडला अर्धा भरलेला परत येतो तेव्हा मात्र मुदत केव्हाच संपलेली असते. आणि तेव्हा तो खातं कोण? टाकवत नाही म्हणून आई. आठवडाभर मुलाच्या पोटाची काळजी वाहणाऱ्या बाईचंच पोट बिघडण्याची ही सोय आपण निमूट चालू ठेवली आहे.

इडली, धिरडी, दहीभात या बाबतीत जरा भरवशाचे. पीठ आंबताना त्यात लॅक्टिक आम्ल तयार होतं, सामू (pH, जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साडेचारच्या आसपास उतरतो आणि अशा आंबट जागी या जीवाणूंना वाढणं जड जातं.

पोळीचं दुखणं वेगळं. तव्यावर पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. पोळी गार झाली की त्याचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगतात आणि पोळी वातड होते. हे फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने घडतं, म्हणून फ्रिजमधली पोळी बाहेर झाकून ठेवलेल्या पोळीपेक्षा लवकर चिवट होते. कणीक सैल भिजवली, थोडं तेल किंवा दूध घातलं, तर ही क्रिया रेंगाळते. गरम पोळी थेट डब्यात घातली की वाफ झाकणाला लागून थेंब खाली पडतात. पूर्वी पोळ्यांच्या डब्यात तळाला सुती फडकं असायचं, ते हे पाणी टिपायला. ॲल्युमिनियमच्या कागदाला ते जमत नाही.

आता पोषणाकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला 23 ग्रॅम प्रथिनं लागतात. पोळीबरोबर मटकीची सुकी उसळ दिली तर गव्हात कमी असलेला लायसिन हा प्रथिनांचा घटक कडधान्यातून मिळतो, शिवाय मोड आल्यामुळे लोह अडवून धरणारं फायटेटही घटतं. वनस्पतींमधलं लोह शरीरात सहज शिरत नाही. सोबत क जीवनसत्त्व असेल तर ते बरंच जास्त शोषलं जातं, पण ते त्याच जेवणात हवं. संध्याकाळी दिलेल्या सरबताचा सकाळच्या उसळीला उपयोग नाही. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नासतं.

इथे मला पेरूची वकिली करायची आहे. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असतं, तेवढ्याच सफरचंदात जेमतेम चार-पाच. तरी आपण जांभळी नाक्याच्या बाजारात पेरूच्या टोपलीवरून नजर फिरवतो आणि स्टिकर लावलेलं सफरचंद घेतो. ते कापून डब्यात घातलं की हवेतला ऑक्सिजन लागून तपकिरी पडतं आणि मूल त्याला हात लावत नाही. पेरूच्या चार फोडी, वर मीठ-तिखट, इतकं पुरतं.

हात लावणं हा मुद्दा तसा मोठाच आहे. मधली सुट्टी पंधरा-वीस मिनिटांची, त्यात अर्धी पळापळ. रस्साभाजीत बुडवून खायच्या पोळीला तेवढा वेळ नसतो, गुंडाळीचे चार तुकडे मात्र उभ्या उभ्या संपतात.

राहिली झाकणाची रबरी रिंग. ती काढून धुणारी घरं कमी. तिच्या खाचेत तेल, भाताचं शीत आणि ओल एकत्र नांदतात, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ती चार दिवस वाळत नाही. शुक्रवारी दप्तरात राहून गेलेला डबा सोमवारी पहाटे साडेपाचला ज्यांनी उघडलाय, त्यांना जीवाणूंबद्दल वेगळं काही सांगायला नको.